चेपलेल्या लेखांचा निकाल

छपाईचा शोध लागला तेव्हा माणूस शहाणा झाला आणि संगणकाचा शोध लागला तेव्हा तो अमर झाला. यापुढे समाधान सोसायटीतला एकही शब्द मरणार नाही, असे विश्राम केळशीकरांनी १९९५ सालच्या वार्षिक सभेत उभे राहून जाहीर केले. शेवटचा शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, सभा उठून पंपाकडे धावली, आणि अमरत्वाची नोंद इतिवृत्तात 'पाणी वाया गेल्याबद्दल चर्चा' या मथळ्याखाली झाली.

विश्रामराव ठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेले नट-बोल्ट मापात बसतात की नाही हे पाहून शिक्का मारायचा किंवा माल परत पाठवायचा, एवढेच काम त्यांनी आयुष्यभर केले. अशा माणसाचा पुढे एक स्वभाव बनतो. तो घरी आमटी खातानाही आधी शिक्का मारण्याजोगी आहे का ते बघतो. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरले नाही म्हणून त्यांनी एक जुना संगणक घेतला. वासंतीबाईंनी त्याला झालर लावलेले कव्हर शिवले, वर प्लास्टिकच्या फुलांची परडी ठेवली, आणि तो टीव्हीचा धाकटा भाऊ दिसू लागला.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला असलेल्या त्या इमारतीला पंचवीस वर्षे झाली होती. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आणि स्मरणिकेचे प्रकाशन, असा बेत ठरला. संपादक अर्थातच विश्रामराव. प्रत्येक बिऱ्हाडाने एक लेख द्यायचा होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात गळक्या नळाच्या तक्रारीपलीकडे एक ओळ लिहिली नव्हती, त्यांचीही प्रतिभा जागी झाली. काहींची तर पुन्हा झोपायला तयार होईना.

वासंतीबाईंनीही लिहिले. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर, वाण्याच्या यादीच्या अक्षरात लिहून त्यांनी ती पाने चहाच्या कपाशेजारी पालथी ठेवली.

"बघा, जमलं तर घ्या. नाहीतर राहू दे."

ज्यांचे लग्न होऊन काही वर्षे झाली आहेत त्यांना या 'राहू दे'चा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यानंतर त्यांनी लेखाचे नाव काढले नाही. फक्त विश्रामराव टंकायला बसले की वासंतीबाईंना खोलीतला केर दोनदा काढावासा वाटे.

लेख जमले, टंकून झाले. विश्रामरावांनी कागदाचे युग संपल्याचे सांगून ज्याची त्याची हस्तलिखिते समारंभाने परत केली, आणि बहुतेकांनी ती तितक्याच समारंभाने रद्दीत घातली. मग फोटोंना जागा हवी म्हणून संगणकातल्या मूळ फायलीही उडवायच्या ठरल्या. त्याआधी त्या फ्लॉपीवर घालून ठाण्याला पोचवायच्या होत्या.

ठाण्याला जांभळी नाक्याच्या पुढे देवराम भोईरचे छपाईचे दुकान होते. हा देवराम खाडीकाठच्या जुन्या घराण्यातला, बीकॉम झालेला, आणि बीकॉम झाल्याचे गिऱ्हाइकाला दर भेटीत सांगणारा. त्याने फोनवर सांगितले, "साहेब, फायली सुट्या आणू नका. झिप करून आणा. गादीची कशी दाबून वळकटी करतो ना, तसं. आणि वळकटी बांधून झाली की उणे टी देऊन टेस्ट करा. एकेका नावापुढे ओके यायला पायजे. घरून निघताना परत एकदा करा."

"भोईर," विश्रामराव म्हणाले, "मी तपासणी खात्यात होतो."

"म्हणून तर सांगतोय. दुसऱ्याचं तपासणारा स्वतःचं तपासत नाय. मी बीकॉमला असताना…"

विश्रामरावांनी फोन ठेवला.

त्या काळात संगणकावर चित्रे दाबायची सोय त्यांच्याकडे नव्हती. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ, आणि आपण आज्ञा टाइप करायची. विश्रामरावांना ही पद्धत फार आवडे. घरात त्यांची आज्ञा पाळणारे तेवढेच होते. वळकटी बांधणाऱ्याचे नाव, मग वळकटीचे नाव, मग कोणाकोणाला आत कोंबायचे त्यांची नावे. एका मजल्याची एक फ्लॉपी, म्हणजे भांडण नको.

हा सोहळा रविवारी सकाळी झाला. प्रेक्षकांत अध्यक्ष आबा चेऊलकर होते. समोरच्या ब्लॉकमधले अण्णा गोळविलकर होते, ज्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूच्या आत काय असते ते ठाऊक होते. आणि पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुमतीबाई पाटणकर होत्या. विश्रामरावांनी पियानोवादकाच्या थाटात बोट उचलून शेवटचे बटण दाबले. पडद्यावर एकेक नाव उमटू लागले. आणि प्रत्येक नावापुढे कंसात एक आकडा आणि टक्क्याची खूण.

सगळे पडद्याकडे झुकले. नाव आणि त्यापुढे टक्के, या दृश्याचा अर्थ डोंबिवलीत लहान मुलालाही कळतो. इथे माणसाची ओळख करून देताना आधी टक्के सांगतात आणि मग वेळ उरला तर नाव.

सुमतीबाईंनी चष्मा लावला. "निकाल लागला वाटतं."

इथे विश्रामरावांनी 'मला माहीत नाही' म्हटले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते तीन शब्द तपासणी खात्यात शिकवत नाहीत.

"तसंच म्हणायचं," ते घसा साफ करून म्हणाले. "यंत्र लेख आत घेताना वाचतं. त्याचं त्याचं मूल्यमापन करतं."

"निःपक्षपाती," आबा म्हणाले. कारण आबांच्या नावापुढे ब्याऐंशी होते.

आबांचा लेख 'सहकार: एक चिंतन' असा होता. त्यात सहकार म्हणजे काय, सहकार का हवा, सहकार नसेल तर काय, आणि म्हणून सहकारच कसा हवा, असा सहकाराचा चहूबाजूंनी समाचार घेतला होता. सुमतीबाईंना त्रेसष्ट होते. अण्णांना एक्केचाळीस.

"एक्केचाळीस?" अण्णा म्हणाले. "मला? अहो, सगळ्या इमारतीची नळाची लाइन मी शब्दांत मांडलीय. कुठली पाइप कुठून वळते, कुठं किती इंची, कोणाच्या मोरीखालून. दुसरा मायेचा पूत दाखवा हे सांगणारा."

"पाठांतर आहे, पण भावना नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "मार्क तिथं जातात."

"आणि यांच्या लेखात सहकार शब्द किती वेळा आलाय?"

"म्हणजे विषय सोडला नाही त्यांनी. तुम्ही सोडलात."

आबा काही बोलले नाहीत. मोठी माणसे निकालाच्या दिवशी फार बोलत नाहीत. त्यांनी फक्त खाली जाऊन पेढे आणले, आणि निकाल सूचनाफलकावर लावायला सांगितला.

अण्णांनी गुणपडताळणीसाठी रीतसर अर्ज केला. अर्ज साध्या कागदावर असल्याने परत आला. लेटरहेडवर केला तर 'संबंधित सभासदाने आधी मजल्याच्या प्रतिनिधीमार्फत यावे' असा शेरा पडला. मजल्याचे प्रतिनिधी अण्णाच होते. त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतःकडे दिला, स्वतः त्यावर 'शिफारस' लिहिले आणि वर पाठवला. मग उपसमिती नेमली गेली. तिच्या अध्यक्षपदी आबा, कारण सर्वाधिक गुण त्यांचे. उपसमिती विश्रामरावांकडे आली तेव्हा त्यांना देवरामचे उणे टी आठवले. टेस्ट म्हणजे परीक्षाच की. त्यांनी आज्ञा दिली. पडद्यावर पुन्हा सगळी नावे आली आणि प्रत्येकापुढे ओके.

"सगळ्यांना नुसतं ओके?" अण्णा म्हणाले. "ही काय बालवाडी आहे?"

"उत्तीर्ण आहात, एवढं मान्य झालं," सुमतीबाईंनी निवाडा दिला. "श्रेणी मात्र पहिल्या निकालाप्रमाणेच राहील. आणि माझ्या त्रेसष्टाचं काय? पासष्टाला दोनच कमी आहेत. आम्ही शाळेत सवलतीचे गुण देत असू."

शेवटी लेखकाच्या नावाखाली टक्के छापायचे, असा ठराव बहुमताने मंजूर झाला. अण्णा तटस्थ राहिले, म्हणजे जिन्यात उभे राहून ओरडले.

मंडळी गेल्यावर विश्रामरावांनी पाचवी फ्लॉपी घातली. संपादकाच्या घरचा लेख सर्वांत शेवटी आणि वेगळा, हा त्यांचा नियम. तत्त्वनिष्ठ माणसाच्या घरच्यांना अशा नियमांची सवय असते. वळकटी बांधली. वासंतीबाईंचे नाव आले. पुढे एकोणतीस.

विश्रामरावांनी पडद्याची काच धोतराच्या सोग्याने पुसली. एकोणतीसच.

वासंतीबाई मागे हात पुसत उभ्या होत्या. "म्हणजे नापास," त्या म्हणाल्या.

"तसं नाही गं. पस्तीसला सहाच कमी. आणि टेस्टमध्ये बघ, ओके आहेस तू."

"राहू दे. नका छापू तेवढा."

"छापणार. संपादक मी आहे."

"एकोणतीस लिहून? खाली माझं नाव घालून?"

वासंतीबाई आत गेल्या. त्या दिवशी टेबलावरची कॅलेंडरची पाने नाहीशी झाली, पण विश्रामरावांच्या लक्षात आले नाही. ते मूळ फायली उडवण्यात गुंतले होते. आज्ञा देताच त्या गेल्या. इतके आज्ञाधारक त्या घरात पूर्वी कोणी झाले नव्हते.

मग दसरा आला. सकाळी शस्त्रपूजनाला पाटावर विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री आणि पाच फ्लॉप्या मांडल्या होत्या. संगणकाला झेंडूची माळ घातली होती.

"ह्यातली माझी कुठली?" वासंतीबाईंनी विचारले.

विश्रामरावांनी पाचवी दाखवली. विचारले म्हणजे माहिती देणे आलेच. "हे वरचं नुसतं कवच. हे पत्र्याचं झाकण असं सरकतं, आणि आत ही तपकिरी चकती दिसते ना, लेख हिच्यावर. बाकी सगळं वेष्टन."

"असं होय," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनी हळदीकुंकवाची कुयरी पुढे ओढली. विश्रामराव आपट्याची पाने मोजत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला निघायचे तर अण्णा जिन्यातच भेटले. राग होता, पण सल्ला रागापेक्षा थोर असतो. "रेल्वेनं नेताय? वरच्या तारांत चुंबक असतं. कल्याणच्या एकाची आख्खी कॅसेट पुसली गेली. पत्र्याच्या डब्यात ठेवा." सुमतीबाईंचे म्हणणे पडले की पत्रा तर चुंबक ओढतो, वर लोकर गुंडाळा. तेव्हा फ्लॉप्या पोळ्यांच्या डब्यात, डबा मफलरमध्ये आणि मफलर विश्रामरावांच्या छातीशी, असा तो ऐवज ऑक्टोबरच्या उन्हात ठाण्याला पोचला. शेजारच्या प्रवाशाने बाळाचे वय विचारले.

"निघताना परत टेस्ट केली ना?" देवरामने विचारले.

"एकदा पास झालेल्याला कोणी परत परीक्षेला बसवतं का?"

देवरामने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग डब्यातली सगळ्यात वरची फ्लॉपी उचलून यंत्रात सरकवली. ती पाचवी होती. आतून मिरगुंड मोडल्यासारखा आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत नकार आला. देवरामने ती काढून पहिली घातली. नकार. दुसरी, तिसरी, चौथी; सगळीकडून नकार.

विश्रामराव स्टुलावर बसले. मूळ फायली उडवल्या होत्या. हस्तलिखिते रद्दीत गेली होती. आता प्रत्येक बिऱ्हाडाचे दार ठोठावून 'आपली प्रतिभा परत एकदा द्याल का' असे विचारावे लागणार होते. अण्णा तर म्हणणार, दुसऱ्या खेपेला एकसष्ट तरी द्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे अण्णा नव्हते. दोनदा केर काढलेली खोली होती, आणि पालथी ठेवलेली पाने.

देवरामने यंत्र उघडले. स्पिरिटचा बोळा आत फिरवून बाहेर काढला. बोळा लालपिवळा झाला होता.

"साहेब," तो म्हणाला, "मी बीकॉम झालो, हा धंदा एवढी वर्षं केला. पण मशीनला हळदीकुंकू झालेलं पयल्यांदा बघतो."

बाकीच्या चार फ्लॉप्यांवर बोट लागले होते ते वरच्या लेबलावर. पाचवीचे झाकण सरकवले तर आत, थेट चकतीवर, ठसठशीत हळद आणि त्यावर कुंकू. मनापासून, पाण्यात कालवून, दाबून लावलेले. बाकी सगळे वेष्टन होते ना.

यंत्राचे डोके पुसल्यावर पहिली चारही उघडली. देवरामने उणे टी दिले, चारही मजले ओके, ओके करत वर गेले. पाचवी मात्र गेली ती गेलीच. देवरामने फुंकर मारली, कापसाने पुसली, मशीनशी लाडीगोडी केली. "नाय. हिच्यात आता लेख नाय, नुसता आशीर्वाद राहिलाय. घरी दुसरी कॉपी असेल ना?"

विश्रामराव स्टुलावरून उठले. मग काहीतरी करायचे म्हणून त्यांनी खिशातून ठरावाची प्रत काढली. "हे टक्के. नावांखाली छापायचेत."

देवरामने वाचले. त्याने आधी दुकानाच्या दाराकडे पाहिले, कोणी ऐकत नाही ना म्हणून, आणि मग तो इतका हसला की आतून कामगार डोकावला.

"साहेब, हे मार्क नायत. दाबल्यावर किती कमी झालं त्याचा आकडा हाय. जे परत परत येतं ते मशीन एकदाच ठेवतं, बाकीचं पिळून काढतं. ब्याऐंशी म्हणजे शंभरातलं ब्याऐंशी पिळून गेलं. हे आबा कोण?"

"अध्यक्ष."

"वाटलंच."

"आणि एकोणतीस?" विश्रामरावांनी विचारले. आवाज जरा खाली आला होता. "एकोणतीस म्हणजे?"

"म्हणजे पिळायला जास्त काय नव्हतंच. शब्दाला शब्द कामाचा. नाहीतर मग लेख अगदीच बारका असेल."

यातले शेवटचे वाक्य विश्रामरावांनी ऐकले नाही. तपासणी खात्यात नको तो माल ऐकूनही परत पाठवता येतो.

"तर मग हे टक्के छापायचे नाहीत ना?" देवरामने विचारले.

विश्रामरावांना आबांचा पेढा आठवला. चांगला होता. "छापा," ते म्हणाले. "समितीचा ठराव आहे."

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आत विचारले, "तुझ्या लेखाची पानं कुठायत?"

"कशाला?"

"ती फ्लॉपी बिघडली. माझी चूक. निघताना परत तपासायला हवी होती, तपासली नाही." आपली चूक हे शब्द त्या घरात पूर्वी उच्चारले गेले नव्हते. ते म्हणताना त्यांना ठसका लागला.

वासंतीबाईंनी पाणी दिले. मग हळूच म्हणाल्या, "कुंकवानं तर नाही ना बिघडली?"

"छे. गाडीच्या वर चुंबक असतं. अण्णा म्हणालेच होते."

"तरी डबा दिला होता मी." त्यांनी रिकामे भांडे परत घेतले. "पानं फळीवर घातली. नापासाचं काय करायचं होतं? बरण्यांखाली आहेत."

दोघांनी मिळून स्वयंपाकघरातली फळी मोकळी केली. मीठ, चिंच, कैरीचे लोणचे, मेतकूट, गोडा मसाला. पाने निघाली. एका पानावर लोणच्याच्या बरणीचे तेलकट वर्तुळ उठले होते. विश्रामरावांनी ती खिडकीशी नेली आणि पहिल्यांदाच, टंकण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी, वाचू लागले.

'आम्ही राहायला आलो तेव्हा नळ होते, पाणी नव्हते. खाली विहीर होती. दोर कोणाकडेच नव्हता. खाडीवरून कोलंबी विकायला येणारी जनाबाई पाटी खाली ठेवून म्हणाली, बाई, कळशीला गाठ अशी मारतात. पुढे नळाला पाणी आले. विहीर बुजवली. तिच्यावर आता आबांची स्कूटर उभी असते. पाऊस लागला की स्कूटरखालची फरशी ओली होते. बाकी कुठली होत नाही.'

विश्रामरावांनी ते दोनदा वाचले. एक शब्द काढता येतो का ते पाहिले. सवयच ती. शिक्का मारावा असे वाटले, पण शिक्का कारखान्यात राहिला होता.

तेलाच्या वर्तुळातले दोन शब्द दिसत नव्हते ते वासंतीबाईंनी ओट्याशी उभ्या राहून सांगितले. त्यांनी टंकले, वळकटी बांधली, टेस्ट केली. सकाळी निघण्यापूर्वी परत टेस्ट केली. चपला घालून पुन्हा आत आले आणि आणखी एकदा केली. दर खेपेला ओके, आणि पहिल्या वेळेचा आकडा तोच: एकोणतीस.

दाराशी पोळ्यांचा डबा हातात घेऊन ते थांबले. अण्णा जिन्यात नाहीत याची खात्री करून घेतली. मग देवरामने सांगितलेला टक्क्यांचा खरा अर्थ त्यांनी वासंतीबाईंना समजावून सांगितला. ब्याऐंशीचा, त्रेसष्टाचा आणि एकोणतिसाचाही. एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. सभेत उभे राहावे तसे ते ताठ झाले आणि म्हणाले, "वासंती, ह्या सगळ्या इमारतीत, पंचवीस वर्षांत, फुकट गेला नाही असा शब्द फक्त तुझा आहे. हे मी नाही, यंत्र म्हणतंय. आणि मीही म्हणतोय."

वासंतीबाईंनी पदराने त्यांच्या डब्यावरचा मिठाचा डाग पुसला.

"बरं," त्या म्हणाल्या. "येताना त्या भोईरकडून एखादं जुनं कॅलेंडर मागून आणा. फळी उघडी पडलीय."